अप्पांचं मेन गेट

आमचे सासरे सिताराम गमरे, म्हणजे अप्पा, यांना कुठल्याही इमारतीत शिरायचं असलं, की ते आधी चार पावलं मागे जातात, मान वर करून ती इमारत नीट बघून घेतात आणि विचारतात, "ह्याचं मेन गेट कुठलं?" मेन गेट सापडेपर्यंत आत पाऊल टाकत नाहीत. बरोबरची माणसं तोवर आत जाऊन, काम उरकून, चहा पिऊन बाहेर आलेली असतात.

मी लग्न होऊन सानपाड्याला आले त्याला चौदा वर्षं झाली. मी मूळची परभणीची. आमच्याकडे दार उघडं दिसलं की माणूस आत शिरतो, त्यामुळे हा काय प्रकार आहे ते मला आधी कळेना. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळंबोलीला नात्यातलं एक लग्न होतं. रिक्षा हॉलच्या बाजूच्या दाराशी थांबली. दार सताड उघडं, समोर स्टेज, स्टेजवर नवरा-नवरी, आणि कुणीतरी हात हलवून "या, या" म्हणतंय. अप्पा म्हणाले, "हे साइडचं हाय." आणि भर मे महिन्यात, नव्या सुनेला घेऊन, त्यांनी अख्ख्या हॉलला वळसा घातला. वाटेत लोखंडाच्या पट्ट्या भरलेले दोन ट्रेलर आडवे लागलेले. आम्ही पोचलो तेव्हा त्रिसरण-पंचशील झालं होतं, हार घालून झाले होते आणि आइसक्रीम संपलं होतं. आइसक्रीमचं मी अजून विसरलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. माझा नवरा अभय घाबरून त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलला घेऊन गेला आणि सरळ कॅज्युअल्टीच्या दाराशी उतरला. अप्पा एका हाताने छाती धरून, दुसऱ्या हाताने रिक्षाचा दांडा धरून म्हणाले, "अभय, हे मेन हाय का?" शेवटी पुढच्या दाराने गेले, तेही चालत. नशिबाने ती अॅसिडिटी निघाली. डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलं. गेटचं औषध त्यांच्याकडेही नव्हतं.

आणि सोसायटीचं पुढचं गेट दुरुस्तीला काढलं होतं ते आठ दिवस! सगळी बिल्डिंग मागच्या, कचऱ्याच्या खोलीशेजारच्या गेटने ये-जा करत होती. अप्पांना नेमकी त्याच आठ दिवसांत सर्दी झाली. ना शिंक, ना खोकला, पण माणूस घराबाहेर पडला नाही. नवव्या दिवशी पुढचं गेट उघडलं आणि सर्दी पळाली.

वाशीच्या घाऊक बाजारात गेटवर त्यांनी एकोणतीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे हे खूळ तिथलंच असणार असं मला वाटायचं. भरलेली गाडी आवक गेटने आत, रिकामी गाडी जावक गेटने बाहेर. ह्यात कुणी घोळ केलेला त्यांना खपायचा नाही. एकदा कांद्याचा एक ट्रक चुकून जावक गेटने आत घुसला, तर अप्पांनी त्याला अख्खी गल्ली उलटा न्यायला लावला होता. ही गोष्ट ते पाहुण्यांना अजून सांगतात, आणि दर वेळी ती गल्ली थोडी लांब झालेली असते.

खरं कारण मला सासूबाईंकडून कळलं. अप्पांचं गाव मंडणगड तालुक्यात. गावात खोताचा वाडा होता आणि आपल्या लोकांनी तिथे मागीलदारीच जायचं, गुरांच्या गोठ्याकडून, अशी रीत होती. बौद्ध धम्म घेतल्यावर अप्पांच्या वडिलांनी ते बंद केलं. अप्पा नऊ वर्षांचे असताना शाळेत पहिले आले. खोताने कौतुकाने वह्या द्यायला बोलावलं. बापलेक पुढच्या अंगणात गेले तर गडी म्हणाला, मागून या. अप्पांच्या वडिलांनी पोराचा हात धरला आणि तसेच परत फिरले. वह्या राहिल्या. वाटेत एवढंच म्हणाले, "मागच्या दारानं कुटं जायाचं नाय, सिता. कुनी सोनं दिलं तरी."

हे कळल्यापासून मी अप्पांच्या गेटवरून मनातल्या मनात हसते, तोंडावर हसत नाही. निदान प्रयत्न तरी करते.

आता सासूबाई. त्यांचं नाव गिरजाबाई, घरात आम्ही आई म्हणतो. आईंचे दोन्ही गुडघे गेलेत. काठी घेऊन, हळूहळू चालतात. गेल्या डिसेंबरात डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, जानेवारीतली. त्या दिवशी घरी आल्यावर आईंनी चहा घेतला आणि म्हणाल्या, "आपरेशनचं काय सांगता येतंय. त्याच्या आदी मला एकदा कान्हेरी बगायचीय."

अप्पा पेपर वाचत होते. वरही न बघता म्हणाले, "अगो, अकरा वेळा बघितलीस की."

"मी टेम्पो बगितला," आई म्हणाल्या. "आनि टेम्पोच्या भवती माकडं."

हे नीट सांगायला हवं. अप्पांच्या गावाचं एक विकास मंडळ आहे, त्याची मुंबई शाखा आहे आणि त्या शाखेचे अप्पा वर्षानुवर्षं सरचिटणीस. शाखेची दर हिवाळ्यात कान्हेरीच्या लेण्यांना सहल जायची. बोरिवलीचं नॅशनल पार्क म्हणजे एवढा थोरला डोंगर आणि जंगल, त्याच्या मधोमध ही बुद्धलेणी. बायका पहाटे उठून पुलाव आणि रस्सा करायच्या, टोप टेम्पोत चढायचे, टेम्पो मेन गेटच्या बाहेर झाडाखाली लागायचा. आत जेवण न्यायचं तर माकडं सोडत नाहीत. म्हणून टोपांपाशी एक विश्वासाचं माणूस बसायचं, बाकीचे लेणी बघून दुपारी खाली जेवायला यायचे. ते विश्वासाचं माणूस म्हणजे सरचिटणिसांची बायको. अप्पा पंचशील ध्वज घेऊन सगळ्यांच्या पुढे. मेन गेटने, अर्थात.

परत आले की अप्पा आईंना सगळं वर्णन करून सांगायचे. किती खांब, मूर्ती केवढी, चैत्य केवढा. त्यामुळे आईंना कान्हेरी तोंडपाठ. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांनी लेण्यांची एवढी सुरेख माहिती सांगितली होती, की त्यांनी ती बघितलेली नाहीत हे माझ्या मनातही आलं नाही. अभयच्याही नाही. लहानपणी तो बापाच्या खांद्यावर बसून वर जायचा आणि आई खाली काय करते हे विचारायचं त्याचं वय नव्हतं. अप्पांचं मात्र वय होतं. खरं सांगते, त्या दिवशी मला अप्पांचा फार राग आला.

अप्पांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. माफी मागणं हा विषय त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधी आलेला नाही. पण अर्ध्या तासाने मंडळाची जुनी इतिवृत्ताची वही घेऊन बाहेर आले आणि आम्हाला हॉलमध्ये बोलावलं. वहीत वरती लिहिलं होतं: 'विषय क्रमांक एक. कान्हेरी दर्शन. प्रवेशद्वार निश्चित करणे.'

"ह्यात निश्चित काय करायचं?" मी म्हटलं. "तुमचं ठरलेलंच असणार."

"लोकशाही हाय," अप्पा म्हणाले. "सगळ्यांनी बोला."

अभयने फोनवर नकाशा उघडला. पार्क केवढं पसरलेलं आहे ते तेव्हा मला कळलं. एक दार बोरिवलीला, एक ठाण्याला येऊरच्या बाजूला, मुलुंडकडूनही एक वाट. सानपाड्याहून ठाणं जवळ, बोरिवली म्हणजे मुंबईच्या दुसऱ्या टोकाला. अभय म्हणाला, "पप्पा, येऊर. अर्ध्या तासात पोचतो. आईला गाडीत कमी बसायला लागेल." वर त्याने ठाण्याला राहणाऱ्या अप्पांच्या चुलतभावाला, धम्मपालकाकांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. काका म्हणाले, "बिनधास्त या रे इकडून! टेन्शन नाय. मस्त झाडी हाय, गारवा हाय."

मी मुलुंडला मत दिलं. मुलुंडचं मला काही माहीत नव्हतं, पण अप्पांचा चेहरा बघायचा होता.

आई म्हणाल्या, "जिकडून कमी चालाया लागंल तिकडून."

अप्पांनी चारही मतं वहीत लिहून घेतली आणि मग उभे राहिले. घरात चारच माणसं, पण बोलताना उभं राहायचं अशी मंडळाची शिस्त. "आपन लेणी बघायला जातोय," ते म्हणाले. "आपल्या माणसांची लेणी हायत. तिथं आपन मागून, बाजूनं, कुठनं तरी घुसून जानार नाय. बोरिवली. मेन गेट."

"पप्पा, डोंगराला कसलं आलंय पुढचं-मागचं?" अभय वैतागला.

वाद चांगला पाऊण तास चालला. मग अभयनेच फोनवर आणखी खोदकाम केलं आणि त्याचा आवाज खाली आला. येऊरकडून लेण्यांपर्यंत गाडीचा रस्ताच नव्हता, मध्ये सगळं जंगल. परत धम्मपालकाकांना फोन. काका म्हणाले, "लेण्यांना मी कुठं गेलोय इकडून? मी आपला फाट्यावर भुट्टा खाऊन परत येतो."

अप्पांचं म्हणणं बरोबर निघालं. हा प्रसंग आमच्या घरात वरचेवर येत नाही, त्यामुळे पुढचा अख्खा आठवडा आम्ही त्याची फळं भोगली. भाजीवाल्याला, लिफ्टमनला, वरच्या मजल्यावरच्या पाटीलबाईंना, सगळ्यांना त्यांनी येऊरचा किस्सा ऐकवला. "मेन गेट ते मेन गेट," असं म्हणून ते जिना उतरायचे.

रविवारी सकाळी निघालो. ऐरोलीचा पूल ओलांडला आणि मुलुंडच्या मागे तो डोंगर दिसायला लागला. अभय म्हणाला, "आई, तो बघ, तो पार्कचाच डोंगर." आईंनी काचेला नाक लावून बघितलं. अप्पा म्हणाले, "ही त्याची पाठ हाय. तोंड तिकडं." पुढे पवईचं ट्रॅफिक, मग हायवेचं ट्रॅफिक. आईंनी सगळ्या वाटेत गुडघ्यावर हात ठेवला होता, पण तक्रार एका शब्दाची नाही. पिशवीत मेणबत्त्या होत्या, पांढरी फुलं होती आणि धुतलेली पांढरी साडी अंगावर.

बोरिवलीला पोचलो तर मेन गेटवर ही रांग! सुट्टीचा दिवस, थंडीचे दिवस, सगळी मुंबई लोटलेली. अभयने गाडी लावली आणि आम्ही चौघं रांगेत उभे राहिलो. पंधरा मिनिटं झाली, रांग हातभर सरकली. आईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग माझ्या खांद्याला धरलं. मग डोळे मिटले. मी अभयकडे बघितलं, अभयने अप्पांकडे बघितलं आणि अप्पांनी गेटच्या कमानीकडे बघितलं.

तेवढ्यात खाकी कपड्यातली एक गार्डबाई आमच्याकडे आली. छातीवर जयमाला असं नाव लावलेलं. म्हणाली, "आजी, तुम्ही कशाला उभ्या राहताय? त्या छोट्या फाटकातून या. आत गाडी उभी आहे, कान्हेरीलाच सुटतेय. दोन सीट आहेत. तिकीट तिथल्या खिडकीवर मिळेल."

ते फाटक मेन गेटपासून चाळीस पावलांवर होतं. शेजारी कचऱ्याची हातगाडी, भिंतीला टेकवलेले खराटे. अप्पांनी ते सगळं एका नजरेत बघितलं आणि म्हणाले, "थँक यू, मॅडम. आमी मेन गेटनंच येऊ. आता काय, आलोच."

"अहो काका, तासभर तरी लागेल."

"लागू दे," अप्पा म्हणाले. "गिरजा, टेक जरा काठीवर. आलोच आपन."

आईंनी डोळे उघडले. त्या ओरडल्या नाहीत. नेहमीच्याच आवाजात, पण पुढची-मागची चार माणसं ऐकतील असं म्हणाल्या, "तुमी अकरा येळा म्होरल्या दारानं गेलात. मी कुटल्याच दारानं गेले नाय. मला आज आत जायचंय."

आणि त्या निघाल्या. काठी टेकत, रांगेतल्या माणसांना "सरा, बाबा, जरा सरा" म्हणत, सरळ त्या छोट्या फाटकाकडे. मी पिशवी उचलून मागे धावले. मागे वळून बघितलं तर अप्पा रांगेत ताठ उभे होते आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी त्यांची दयाही आली.

गाडीत बसल्यावर वरपर्यंत आईंनी खिडकी सोडली नाही. झाडं बघत होत्या. लेण्यांपाशी उतरल्यावर पायऱ्या लागल्या. आई एक पाय वर ठेवायच्या, काठी ठेवायच्या, मग दुसरा पाय ओढून घ्यायच्या. पाच पायऱ्या झाल्या की थांबायचं. वाटेत कुणीतरी उचलून न्यायची तयारी दाखवली, तर म्हणाल्या, "मी चालायला आलेय."

तीन नंबरच्या लेण्यात पोचायला आम्हाला किती वेळ लागला ते मी बघितलं नाही. व्हरांड्यात बुद्धाची उभी मूर्ती आहे, मान पूर्ण वर केल्याशिवाय चेहरा दिसत नाही अशी. आईंनी चपला काढल्या, मान वर केली आणि बघतच राहिल्या. "ह्यांनी सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पन एवडं मोठं नव्हतं सांगितलं." मग आत जाऊन स्तूपासमोर फुलं ठेवली, हात जोडले आणि हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. मेणबत्ती लावायला तिथे परवानगी नव्हती, ती पिशवीतच राहिली. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला रडायला आलं, मी रडले.

बाहेर आल्यावर आई दगडी ओट्यावर बसल्या आणि त्यांचं लक्ष शेजारी गेलं. कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं, आत काळंभोर, थंड पाणी. मग त्यांनी पुढच्या लेण्याकडे बघितलं. तिथेही टाकं. त्याच्या पुढच्याला पण. आई उठल्या आणि काठी टेकत एकेका टाक्यात वाकून बघत चालायला लागल्या. गुडघे कुठे गेले कुणास ठाऊक.

"शर्मिला," त्या म्हणाल्या, "हे नाय बोलले कदी. खांब मोजून सांगायचे. पान्याचं कदी बोलले नाय." त्यांच्या माहेरी वरच्या आळीतली विहीर जवळ होती, पण ती आपल्या लोकांची नव्हती. आईंनी नदीवरून, उन्हातान्हात हंडे आणलेले. "पर्तेकाच्या दारात पानी, बग," त्या म्हणाल्या. "कुनाकडं मागाया नको."

बाप-लेक वर आले ते आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच लवकर. अभय माझ्या कानाशी येऊन हसू दाबत म्हणाला, "तुम्ही गेल्यावर रांग एकदम सुटली. नवीन खिडक्या उघडल्या. आमच्या पुढे चारच माणसं होती, चार! आणि पप्पा रांगेतून बाहेर पडले."

"म्हणजे?"

"सरळ त्या छोट्या फाटकाशी. त्या मॅडमना म्हणाले, आमच्या मिसेस हितनं गेल्यात, मला पण हितनंच जायचंय. ती म्हणते, काका, तुमचा नंबर आलाय, मेन गेट रिकामं आहे, तिकडून जा. हे हटेनात. दहा मिनिटं वाद घातला. शेवटी तिने वैतागून सोडलं."

मी अप्पांकडे बघितलं. पायजम्याच्या पायाला खराट्याचा कचरा चिकटला होता. ते आईंच्या समोर जाऊन उभे राहिले, घसा साफ केला आणि सवयीने हात लांब करून सुरू झाले, "हे तीन नंबरचं लेणं. ह्याचे खांब..."

"बगून झालं," आई म्हणाल्या. "तुमी हिकडं या."

त्यांनी अप्पांना टाक्यापाशी नेलं. अप्पा वाकले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग पुढचं टाकं बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं. अकरा वेळा ध्वज घेऊन ते ह्याच वाटेने गेले होते. "हे व्हतं हितं?" त्यांनी विचारलं, आणि ओट्यावर जाऊन बसलेल्या आईंच्या शेजारी येऊन बसले.

"गिरजा," ते म्हणाले, "माझं चुकलं."

अभयने आणि मी एकमेकांकडे बघितलं. चौदा वर्षांत मी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. अभयने तर जन्मापासून.

आई पाण्याकडे बघत होत्या. "मी पन बोलले नाय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, कदीतरी इचारतील, तू येतेस का वर. दर वर्साला वाटायचं. टोपावर फडकं टाकून बसायची नि वाट बगायची."

अप्पांची मान खाली होती. मी अभयचा हात ओढला आणि आम्ही दोघं वरच्या लेण्यांकडे निघालो. दहा-बारा पायऱ्या चढल्यावर मागून अप्पांचा आवाज आला. गेटवर ट्रक अडवणारा आवाज नव्हे, अगदी हळू. ते विचारत होते, "पाय लय दुखतोय काय गो?"

आणि आई सांगत होत्या. कुठे दुखतो, कधीपासून दुखतो, सगळं सांगत होत्या.